तीन दिवसांचा बंद डबा

"लाल! बघा, लाल झाला!"

पहिल्या रांगेतली बाई ओरडली आणि मागचे दीडशे लोक एकदम खुर्च्यांवर चढले. गाद्यांच्या गोदामावरचा तो लांब हॉल. एका टोकाला दोन टेबलं जोडून केलेलं व्यासपीठ, त्यावर पांढऱ्या कपड्यांतल्या माई, आणि माईंच्या समोर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. डब्याचं झाकण नुकतंच उघडलं होतं. माईंनी चिमट्यानं आतला रुमाल वर धरला होता. मधोमध मोठा लालभडक डाग आणि कडा पिवळ्या.

"रुमाल दिला तेव्हा कोणत्या रंगाचा होता?" माईंनी माइकवरून विचारलं.

"पिवळा," डबा आणणारी बाई म्हणाली.

"पोरीच्या अंगाखाली कुणी घातला?"

"मीच."

"सकाळी ओला झालेला काढला तेव्हा?"

"तेव्हाही पिवळाच होता, माई."

"डबा बंद कुणी केला? चिकटपट्टी कुणी लावली? तीन दिवस कुणाच्या घरात होता? मी आले होते का तुझ्या घरी? बोल की, लाजतेस काय!"

"नाही आलात."

"नाही आले! माई कुठे जात नाही. माई हात लावत नाही. माई फक्त विचारते, आणि जो आत बसलाय तो रंगानं उत्तर देतो." माईंनी डोळे मिटले, नाक वर केलं आणि आवाज असा खाली आणला की जणू कुणी पलीकडून फोनवर बोलतंय आणि लाइन खराब आहे. "भाजलेला आहे… भाजलेला पुरुष आहे… पाणी मागतोय. पाण्याविना गेला. पोरीच्या पोटातलं पाणी तो रोज ओढून नेतोय."

ती बाई मटकन खाली बसली. तिच्या शेजारी तिची आठ वर्षांची मुलगी उभी होती, पाठीवर दप्तर घेऊन. रविवारीसुद्धा दप्तर. ती एकटक त्या रुमालाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि कळायला हवं होतं. चाळीस वर्षं मुलं शिकवली आहेत मी.

मग माईंनी तांब्यातलं 'शांतिजल' रुमालावर शिंपडलं. लाल डाग लोकांच्या डोळ्यांदेखत विरत गेला आणि रुमाल परत पिवळा झाला. हॉलभर "अहाहा" असा आवाज झाला.

"आज शांत झाला," माई म्हणाल्या. "पण परत तहान लागेल त्याला. असे सात रुमाल करायचे. हा तिसरा. रुमाल पिवळाच राहिला की समजायचं, सुटला. आणि तोवर दुपारनंतर पोरीला पाण्याचा थेंब द्यायचा नाही. तिच्यात पाणी नसेल तर तो ओढील काय?"

मी तिथे गेलो होतो तो त्या थेंबासाठीच.

आमच्या भागात एक मोठी लाँड्री आहे. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, खाणावळींचे रुमाल, सगळं तिथे धुतलं जातं. अर्धी वस्ती तिथे कामाला. वाळवणखान्याच्या वरची एक खोली कामगारांनी मुलांच्या अभ्यासासाठी मिळवली आहे, आणि निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी मी तिथे शिकवतो. खोली बारा महिने उबदार असते आणि वह्यांनासुद्धा साबणाचा वास येतो.

ही मुलगी माझ्या वर्गातली. मुलं तिला खारूताई म्हणत, कारण तिचं दप्तर कायम ठासून भरलेलं असे आणि ती त्याला कुणाला हात लावू देत नसे. पेन्सिलींचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, सापडेल ते आत. तिचे वडील लाँड्रीच्या बॉयलरवर होते. चार महिन्यांपूर्वी बॉयलर फुटला. ते जागीच गेले. खारू त्यांचा जेवणाचा डबा घेऊन आली होती. त्या क्षणी ती बाहेर अंगणात होती, म्हणून वाचली. एवढंच सगळ्यांना माहीत होतं. त्याहून जास्त तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. पोर विसरतेय तर विसरू द्यावं, असं आम्ही मोठी माणसं एकमेकांना सांगत होतो.

पोर विसरत नव्हती. पाच वर्षांपूर्वी सुटलेली गोष्ट परत सुरू झाली होती. रोज सकाळी अंथरूण ओलं.

त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी धडा वाचता वाचता ती बाकावरून घसरली. मी तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिची जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली आणि माझ्याकडे रागानं बघितलं, जणू मीच आजोबा.

"हिला पाणी का देत नाही तुम्ही?"

मग पोरीच्या तोंडून माई, रुमाल, तोडलेलं पाणी, सगळं बाहेर आलं. त्यांनी तपासण्या केल्या. दुसरा आजार नव्हता. "मोठा धक्का बसला की काही मुलांचा झोपेतला ताबा जातो," त्या म्हणाल्या. "ती मुद्दाम करत नाही, आणि कुणी करवतही नाही. वेळ लागेल, पण जाईल. ओरडायचं नाही, लाजवायचं नाही, पाणी तर मुळीच तोडायचं नाही. आणि तिच्याशी कुणीतरी बोला हो!"

हे मी त्या रविवारी, रुमाल पिवळा झाल्यावर, तिच्या आईला हॉलच्या जिन्यात सांगितलं. आईही माझीच विद्यार्थिनी. पाढे पाठ नसले की हिचे डोळे आधीच भरून यायचे.

"मास्तर, तुम्ही शिकलेले," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा, डबा मी बंद केला. पिवळा रुमाल आत लाल कसा झाला?"

"मला माहीत नाही," म्हणालो.

"बघा!"

"माहीत नाही म्हणजे भूत आहे असं नाही गं. मला माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आठ दिवस दे, शोधतो. तोवर तिला पाणी दे."

"तो जळतोय, मास्तर." तिनं माझा हात धरला. "माझा माणूस अजून जळतोय, आणि तुम्ही मला आठ दिवस मागताय?"

ती लेकीला घेऊन खाली उतरली. जिन्याखाली नळ होता. खारूनं वळून नळाकडे पाहिलं आणि आईनं तिला पुढे ओढलं.

दाराशी एक हसतमुख बाई पिवळे रुमाल वाटत होती. येणाऱ्या प्रत्येकाची ती मायेनं चौकशी करी. "घरात काय झालं हो? कोण गेलं? कसं गेलं?" लोक रडत रडत सगळं सांगत, आणि सांगितलेलं विसरून जात. मी तिच्याकडून चार रुमाल घेतले. तिनं विचारलं तेव्हा घसा खाकरून म्हणालो, "आमच्या घरातली एक तरुण मुलगी विहिरीत गेली हो." खोटं बोलायची सवय नसल्यानं माझे कान तापले. तिला वाटलं, दुःखानं.

घरी येऊन मी तीन डबे मांडले. एकात कोरडा रुमाल, एकात साध्या पाण्यात भिजवलेला. तिसऱ्यासाठी जे हवं होतं त्याची एकाहत्तराव्या वर्षी टंचाई नसते, हे माझ्या वयाच्या वाचकांना समजेल. चिकटपट्ट्या लावून तिन्ही डबे बंद केले आणि तीन दिवस थांबलो.

तिसऱ्या दिवशी पहिला रुमाल पिवळा निघाला. दुसराही पिवळा. तिसरा डबा उघडला तर नाकात अशी झिणझिणी गेली की डोळ्यांत पाणी आलं. रुमाल लाल होता.

तो डबा घेऊन मी लाँड्रीत मुकादमीणबाईंकडे गेलो. तीस वर्षं धुलाईखान्यात घालवलेली बाई. तिनं डब्यात एकदा डोकावलं आणि खो खो हसली.

"अहो मास्तर, हे मला दाखवायला आणलंत? या इकडे."

ती मला साबणाच्या हौदाशी घेऊन गेली. खाणावळीच्या रुमालांचा ढीग पडला होता, हळदीच्या पिवळ्या डागांचा. तिनं एक उचलून हौदात बुडवला. डाग लालभडक झाला. मग तो शेजारच्या आंबट पाण्याच्या टाकीत टाकला. कपड्यातला साबण मारायला शेवटी तिथे आंबट पाण्याचा हात देतात. डाग परत पिवळा.

"हळद आहे ही. साबणात लाल, आंबटात पिवळी. रोज शंभर वेळा बघतो आम्ही. तुमच्या डब्यात काय होतं?"

मी सांगितलं. हसताना तिचा हात कपाळाकडे गेला होता, तो तिथेच राहिला. मग ती उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली.

"माझ्या नातवाला नेलं होतं मी माईकडे," ती हळूच म्हणाली. "सात रुमाल केले. पाण्यासाठी रडायचं ते पोर. मी त्याच्या हातातून पेला काढून घेतला होता, मास्तर."

"पण हा रंग तुम्ही रोज बघता ना?"

"इथे तो डाग असतो," ती म्हणाली. "तिथे तो आपल्या पोराचा असतो. डोकं चालतं का तिथे?" मग बादलीवरून उठत म्हणाली, "आणि ही माई कुठली, सांगू? डाग काढायच्या टेबलावर अकरा वर्षं माझ्या शेजारी उभी होती. हळदीचा डाग कसा काढायचा ते तिनंच मला शिकवलं."

पुढच्या रविवारी डबा घेऊन मी रांगेत उभा राहिलो. खारू आणि तिची आई पुढे बसल्या होत्या, चौथा डबा मांडीवर घेऊन. पोरीचे ओठ सुकून फुटले होते.

माझी पाळी आली. माईंनी डबा उघडला, चिमटा घातला आणि रुमाल वर धरला.

"लाल!" हॉल ओरडला.

माईंनी डोळे मिटले, नाक वर केलं. लाइन लागली. "बाई आहे… तरुण आहे… ओली आहे, थंडीनं कुडकुडतेय. विहीर दिसतेय मला, खोल विहीर! लेकराला धरलंय तिनं. लेकरू कोण तुमचं?"

"रुमाल माझाच आहे, माई," मी म्हणालो. "वय एकाहत्तर. घरात मी आणि एक मांजर. मांजर विहिरीत गेलेलं नाही, आत्ताच त्याला दूध देऊन आलो. विहिरीची गोष्ट मी त्या दाराशी बसलेल्या बाईंना रचून सांगितली होती. ती तुम्हाला पलीकडून कशी कळली?"

मग कुणीतरी फस्सकन हसलं.

मुकादमीणबाई दोन बादल्या घेऊन वर आली. तिनं माईंच्याच गठ्ठ्यातला कोरा पिवळा रुमाल घेतला आणि साबणाच्या पाण्यात बुडवला. लाल. आंबट पाण्यात. पिवळा. परत साबणात. लाल.

मी लोकांना समजावून सांगितलं. माईंचे हे पिवळे रुमाल हळदीनं रंगवलेले असतात. लघवी ताजी असताना हळदीचा रंग बदलत नाही, म्हणून सकाळी रुमाल पिवळाच दिसतो. बंद डब्यात तीन दिवस ती कुजते. जंतू तिच्यातून अमोनिया तयार करतात, आणि अमोनियाचा हळदीवर साबणासारखाच परिणाम होतो. जे मूल अंथरूण ओलं करतं, त्याचा रुमाल लाल होणारच. जे करत नाही, त्याचा होणार नाही. "म्हणजे माई तुम्हाला तेवढंच सांगतात, जे तुम्ही त्यांना सांगायला आलात. आणि 'शांतिजल' म्हणजे निव्वळ आंबट पाणी. हवं तर चाखून बघा."

"साबणाचं लाल वेगळं आणि जिवाचं लाल वेगळं!" माई ओरडल्या.

"अगं, किती खोटं बोलशील?" मुकादमीणबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "टेबलावर तूच मला दाखवलं होतंस ना? आधी साबण, मग आंबट. माझ्या नातवाचा रुमाल धरताना तुला माझी आठवण झाली नाही?"

माईंनी माइक खाली ठेवला आणि मागच्या दारानं निघून गेल्या. लोक टाळ्या वाजवत होते. कुणी माझी पाठ थोपटली. खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात बादल्यांपाशी खारू दिसली. तिनं तो रुमाल हातात घेतला होता. साबणात बुडवी, लाल होई. आंबटात बुडवी, पिवळा होई. पुन्हा. पुन्हा. मी तिला वर्गात असंच शिकवलं होतं, कुणी काही सांगितलं तर स्वतः करून बघावं.

"सर, हे कुणालाही करता येतं?"

"कुणालाही!" मी अभिमानानं म्हणालो.

"म्हणजे बाबा येत नव्हते."

माझ्यासाठीच्या टाळ्यांचा आवाज तिथेच संपला.

गुडघे दुखतात, तरी मी जमिनीवर बसलो. ती रुमालाच्या कडा नीट जुळवत बोलू लागली, गृहपाठ सांगावा तशी. "त्या दिवशी बाबांनी मला बाटली दिली. म्हणाले, थंड पाणी भरून आण. मी नळावर गेले. बाटली भरत आली होती, तेव्हा झालं ते. बाबांना पाणी मिळालंच नाही. मग माई म्हणाल्या, ते रोज प्यायला येतात. आई दुपारनंतर पाणी देत नव्हती, म्हणून मी सकाळीच शाळेच्या नळावर खूप प्यायचे. पोट दुखेपर्यंत." तिनं वर पाहिलं. "मला वाटलं, रोज थोडं थोडं देऊन एक बाटली पूर्ण होईल."

त्या पहिल्या रविवारी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आता कळलं. ती आशा होती.

तिची आई आमच्या मागे उभी होती. तिच्या हातातला डबा खाली पडला तेव्हा मला कळलं की तिनं सगळं ऐकलं.

"येत नव्हते का, सर?"

मुलांना मी आजवर जाणूनबुजून खोटं शिकवलेलं नाही. त्या एका क्षणी शिकवावंसं वाटलं.

"नाही, खारू. येत नव्हते. त्यांना तहान लागलेली नाही, ते जळतही नाहीत. त्यांचं दुखणं त्याच दिवशी, त्याच क्षणी संपलं. आता जे दुखतंय ते तुझं आहे."

ती रडली नाही. तिनं रुमाल पिळला, झटकला आणि बादलीच्या काठावर वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधी मायलेकी आल्या. खारूनं दप्तर टेबलावर ठेवलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून उघडलं. पेन्सिलींच्या, झाकणांच्या खालून तिनं एक स्टीलची बाटली काढली. बुडाशी पोचा आलेली, गच्च बंद, भरलेली. त्या दिवसाचं पाणी. इतके दिवस ती ते पाठीवर वाहत होती, आणि आम्ही तिला खारूताई म्हणून हसत होतो.

"हे आता कुणाला द्यायचं?" तिनं विचारलं.

आईनं बाटली हातात घेतली. "ही मी किती शोधली," एवढंच ती म्हणाली. मग ती कोपऱ्यातल्या मोरीवर गेली. झाकण उघडलं, पाणी ओतून दिलं. बराच वेळ बाटली साबणानं घासत राहिली, आतून, बाहेरून, झाकणाच्या आट्यांमधून. तीन पाण्यांतून काढली. ताजं पाणी भरलं आणि लेकीपुढे धरली.

"पी."

"बाबांची आहे ती."

"बाबांचीच आहे. त्यांनी तुला या बाटलीपायी बाहेर पाठवलं, म्हणून तू माझ्यासमोर उभी आहेस. पी."

खारूनं बाटली दोन्ही हातांनी धरली. ती पीत असताना आईनं डोळे मिटले होते. खारूनं अर्ध्यावर श्वास घेतला आणि परत लावली. संपेपर्यंत प्यायली. मग रडू लागली, चार महिन्यांचं.

त्या रडण्यानं अंथरूण कोरडं झालं, असं सांगितलं तर मीही माईंसारखाच ठरेन. ते आणखी सात महिने ओलं होत राहिलं. मायलेकी सकाळी मिळून चादर धुवत, आणि खारू आईला बॉयलर फुटला त्या दिवसाच्या गोष्टी सांगे, स्वतःला हव्या तेव्हा, हव्या तेवढ्या. आधी आठवड्यातला एखादा दिवस कोरडा गेला. मग बरेच. अजूनही आगीच्या बंबाचा सायरन वाजला की एखादी सकाळ ओली निघते. चादर धुतात, पुढे चालू. माईंनी दुसऱ्या गावात हॉल घेतल्याचं ऐकतो. तिथेही डबे घेऊन रांग लागत असेल. त्या रांगेतली माणसं मूर्ख नाहीत. ती घाबरलेली आहेत, आणि त्यांना कुणी दुसरं उत्तर दिलेलं नाही.

म्हणून एवढंच सांगतो. कुणी न समजणारी गोष्ट दाखवली, तर "मला माहीत नाही" म्हणायला लाजू नका, आणि तिथेच थांबूही नका. स्वतः करून बघा, जाणत्याला विचारा. जो इलाज तहानलेल्या लेकराच्या हातातून पेला काढून घ्यायला सांगतो, तो इलाज नव्हे, मग रुमाल कोणत्याही रंगाचा होवो. तुमच्या घरात मोठं मूल अंथरूण ओलं करू लागलं, तर चादर धुवायला टाका, त्याला पाणी द्या, दवाखान्यात न्या. आणि मग शेजारी बसून विचारा, त्या दिवशी काय झालं? विचारायला आम्हाला चार महिने लागले. ते पाणी तिच्या दप्तरात होतं.